खलनायक किती पानांवर आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठी भयपट बघून कुणी घाबरत का नाही, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. लेखकमहाशयांनी सगळं खापर पैशावर फोडलंय. बजेट नाही, ग्राफिक्स स्वस्तातले, साउंडवर कुणी खर्च करत नाही, वगैरे. असेलही, मला त्यातलं कळत नाही. पण हे सिनेमे ज्या कागदावरून निघतात (किंवा निघायचे राहतात) तो कागद मी टाइप करते. भीती तिथपासूनच गायब असते, एवढं मी खात्रीनं सांगते.

नारायण पेठेत जिन्याखाली माझं टायपिंगचं दुकान आहे. १९८४ साली गोदरेजच्या मराठी मशीनवर सुरुवात केली, मग श्रीलिपी आली, आता युनिकोड. थीसिस, कोर्टाचे कागद, कुलमुखत्यारपत्रं, पत्रिकांचे मजकूर यावर घर चाललं. पण ‘प्रभात’ १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्याला आली आणि तिच्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तेव्हापासून या गावाला सिनेमा लिहिणाऱ्या पोरांचा तोटा पडलेला नाही. त्यांतली काही वहीत खरडून आणतात, काही व्हॉट्सअॅपवर तासभर बोलून पाठवतात, आणि निर्मात्याला वाचता येईल असं ते उतरवून द्यायचं काम माझं. गेली तीनचार वर्षं तर भुतांचं पीक आलंय. दर दोन महिन्यांनी एक हडळ येते.

आधी माझी एक चूक कबूल करते. मागे एका पटकथेत पाच मित्र होते, पानशेतच्या बंगल्यावर राहायला जाणारे. कॉपी-पेस्ट करताना माझ्याकडून घोळ झाला आणि आठ पानं एका मित्राचे संवाद दुसऱ्याच्या नावावर पडले, दुसऱ्याचे पहिल्याच्या. चूक मला कळली ती स्क्रिप्ट घेऊन मुलगा गेल्यावर. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, तर पलीकडून “कुठे काकू?” त्यानं वाचलं होतं, दिग्दर्शकानं वाचलं होतं, दोन नटांसमोर वाचनही झालं होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता मला सांगा, ज्या दोन माणसांचे संवाद अदलाबदल झाले तरी फरक पडत नाही, त्यांतला एक मेला तर प्रेक्षकाला काय वाटणार? या पाचांपैकी एकालाही नोकरी नसते, हप्ता नसतो, ॲसिडिटी नसते. रेंज गेली की सगळे घाबरतात, पण रेंज होती तेव्हा एकाच्याही आईचा फोन आलेला नसतो. पुण्यातल्या आया असं कधी करतील का?

पण हे परवडलं. खरी मेख खलनायकात आहे.

जुलैत एक मुलगा आला. बारीक, चष्म्याला टेप लावलेली, रेनकोटच्या आत प्लॅस्टिकच्या पिशवीत वही. एकशे बारा पानांची पटकथा झाली. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणजे सिनेमा पावणेदोन तासांच्या वर. गोष्ट नेहमीची. जुना वाडा, विहीर, पांढऱ्या साडीतली सून, तिला विहिरीत ढकलणारे अप्पासाहेब. मला एक खोड आहे. काम संपलं की मी फाइंडमध्ये नावं टाकून बघते. मूळ कारण व्यावसायिक, एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं ते सापडतं. तर ‘हडळ’ टाकलं, एकशे सत्त्याऐंशी वेळा. ‘अप्पासाहेब’ टाकलं, सहा वेळा. त्यांतही एकदा भिंतीवरच्या फोटोत, हारासकट.

मी त्याला विचारलं, “अरे, हा तिला विहिरीत का ढकलतो?”

“काकू, तो वाईट आहे.”

“बरं. सकाळी उठून काय करतो?”

“कोण?”

“अप्पासाहेब. उठल्यावर पहिल्यांदा कुणाला हाक मारतो? कर्ज आहे का? जेवताना कुणी समोर बसलेलं चालतं का त्याला?”

“काकू, त्याचा फ्लॅशबॅक दोन मिनिटांचा आहे फक्त.”

“खून त्यानं केला ना? मग उरलेली शंभर मिनिटं तिला कशाला पळवतोस?”

मुलगा हसला, पण पिशवी उचलून गेला नाही. बाहेर पाऊस होता हेही कारण असेल.

माझी आजी पुरंदर तालुक्यातली. पटकथा हा शब्द तिच्या कानावरून गेला नसेल, पण भुताची जन्मकुंडली तिच्याकडे पुरी असायची. मुंजा म्हणजे मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत गेलेला पोरगा. संसार राहिला म्हणून पिंपळावर बसतो. समंधाचा जीव जमिनीत आणि पैशात, तो पुरलेल्या धनावरून उठायचा नाही. चकवा तर दिसतही नाही, मारतही नाही, नुसतं रात्रभर एकाच शेताला फेऱ्या घालायला लावतो. वय काय, राहिलं काय, बसतो कुठे, कुणाला धरतो आणि काय दिलं म्हणजे सोडतो, सगळं ठरलेलं. त्यामुळे आजी ‘पिंपळ’ एवढंच म्हणाली तरी आम्ही पोरं अंगणात जायचो नाही. आताच्या वह्यांमधली हडळ कोण होती, कितव्या वर्षी गेली, तिला खायला काय आवडायचं, कशाचा पत्ता नाही. केस पुढे घेतले की झाली हडळ. (वेताळाचं मात्र पुण्यानं वाटोळंच केलं. त्याच्या टेकडीवर रोज सकाळी माणसं ट्रॅकसूट घालून जातात आणि देवळापाशी हातपाय ताणून परत येतात. तिथे वेताळाला भिणारं मला कुणी भेटलेलं नाही, सगळे भितात ते टेकडी फोडून रस्ता काढतील याला.)

मुलाला म्हटलं, तू गावाकडचा वाडा कशाला शोधतोस, आपला आहे ना. ‘काका, मला वाचवा’ ही हाक शनिवारवाड्यात अमावास्येला ऐकू येते की पौर्णिमेला, यावर आमच्या चौकातल्या रिक्षावाल्यांत दोन तट आहेत. मी अख्खं आयुष्य त्या वाड्यापासून चालत पंधरा मिनिटांवर काढलं, मला हॉर्नखेरीज काही ऐकू आलेलं नाही. पण भूत बाजूला ठेवा आणि नुसता प्रसंग बघा. ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस. पेशवा अठरा वर्षांचा. पगार थकले म्हणून आरडाओरडा करत गारदी आत घुसतात. त्याच वाड्यात काका कैदेत आहे, आणि कैदेत ठेवलंय ते पुतण्यानं. पोरगा जीव घेऊन धावत सुटतो आणि जातो कुठे, तर त्याच काकाकडे. जाऊन त्याला मिठी मारतो. मिठीतून ओढून काढून त्याला मारतात.

त्या वेळी राघोबादादांचे हात कुठे असतील? पुतण्याच्या पाठीवर? की बाजूला, लोंबकळत? मी कधी रात्री दिवा मालवून पडले की मला ते हात दिसतात. कुठल्याही हडळीनं माझी अशी झोप उडवलेली नाही.

आणि इथे प्रत्येकाला काहीतरी हवंय. गारद्यांना थकबाकी हवीय, काकाला सुटका हवीय, गादी हवीय. कदाचित त्यानं स्वतःची समजूतही घातली असेल की पोराला नुसतं धरायचंच आहे. निळूभाऊ फुल्यांची पात्रं आठवा. माणूस स्वतः राष्ट्र सेवा दलात घडलेला, सज्जन, पण पडद्यावर आले की खेडोपाडी बायका शिव्या घालायच्या. त्यांना ओरडावं लागायचं नाही, कारण त्या पात्राला जमीन तरी हवी असायची, खुर्ची तरी, नाहीतर दुसऱ्याची बायको. काय हवंय ते आपल्याला आधीच कळलेलं असायचं आणि हा माणूस ते घेणार हेही.

‘ध चा मा’बद्दल मात्र मला टंकलेखक म्हणून बोलायचा हक्क आहे. ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं आणि ते आनंदीबाईनं केलं, असं गाव अडीचशे वर्षं सांगतं. रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि दोषी ठरवलं ते राघोबादादांना, तेही तोंडावर. तरी वाक्प्रचार उरला तो बाईच्या नावानं. चाळीस वर्षं अक्षरं बडवतेय, मीही पुष्कळ ठिकाणी ध चा मा केलेला आहे. पण एक अक्षर बदलून माणूस मरायचा असेल, तर आधी कुणीतरी सही करून ‘धरावे’ लिहून ठेवलेलं असावं लागतं. आमच्या पोरांच्या पटकथांत तेच चाललंय. लिहिणारा अप्पासाहेब फोटोत, आणि एकशे सत्त्याऐंशी वेळा ती.

आता अठ्ठ्याऐंशीव्या पानाबद्दल. या पानावर मांत्रिक येतो. सगळ्याच वह्यांत तो साधारण तिथेच येतो. मुलीला खांबाला बांधतो, मिरचीची धुरी देतो, ती किंचाळते, हडळ निघून जाते, मांत्रिक घाम पुसतो. म्हणजे तो नायक. संपादकसाहेब, २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे त्याच्या अनुसूचीत अगदी पहिल्याच नोंदीत आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. त्याच वर्षी २० ऑगस्टला, सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या. तो पूल माझ्या दुकानापासून लांब नाही. सिनेमात धुरी दाखवूच नका असं मी म्हणत नाही. दाखवा की. फक्त मांत्रिकाला बोलावलं कुणी आणि त्याचे पैसे कुणी दिले, तेवढं पान गाळू नका.

मुलाला मी हे ओरडूनच सांगितलं असावं, कारण शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. मग जे घरात कधी कुणाशी बोलले नाही, ते त्याला सांगितलं. तेच इथे लिहिते.

माझी आत्या तिशीत विधवा होऊन माहेरी आली. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता, मी दहा वर्षांची. आजोबांच्या मागे जमिनीत तिचाही वाटा होता आणि एका कागदावर तिचा अंगठा हवा होता. हक्कसोड पत्र. आत्या नाही म्हणाली. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा ओट्यावर चार माणसांसमोर मोठ्यानं म्हणाली. बाईनं इतक्या मोठ्यानं बोलायची आमच्या घरात रीत नव्हती. त्या आठवड्यात तिनं जेवण टाकलं, आणि तिला धरलंय ही बातमी गावभर झाली. बातमी कुठून निघाली ते मला फार उशिरा कळलं.

माणूस आणला तो माझ्या थोरल्या काकांनी. तिच्या सख्ख्या भावानं. आम्ही पोरं माजघराच्या दाराशी दाटीनं उभी. आत कोंदलेला धूर, मिरचीचा, नाकातून थेट डोक्यात जाणारा. आत्या खोकत होती आणि हाक मारत होती ती त्यालाच. “दादा, खिडकी उघड रे.” काका बाहेरच्या खोलीत पाटावर बसून सुपारी कातरत होते. अडकित्त्याचा आवाज एका लयीत. कट, कट. लय एकदाही चुकली नाही. आईला राहवलं नाही, ती खिडकीकडे गेली. काकांनी मान वर न करता अगदी मायेनं सांगितलं, “वहिनी, खिडकी लावून घ्या. तिला गार वारा बाधेल.”

(तुमच्या लेखकमहाशयांना सांगा, या साउंडला खर्च येत नाही. अडकित्ता तुळशीबागेत मिळतो.)

संध्याकाळी काकांनी स्वतः चुलीपाशी बसून पेज केली आणि तिला चमच्यानं भरवली. दुसऱ्या दिवशी तलाठ्याच्या ओळखीचा माणूस शाईचं पॅड घेऊन आला. अंगठा झाल्यावर काकांनी आपल्या उपरण्याच्या टोकानं तिचा अंगठा पुसून दिला, नखाच्या कडेची शाईसुद्धा.

एवढ्यावर तो वाईट होता म्हणून मोकळी झाले असते तर बरं होतं. विहीर आटलेली, जमीन तुटली असती तर कुणाचंच भागलं नसतं, त्यांच्या तीन मुली लग्नाच्या. घर आपण वाचवलं असं ते शेवटपर्यंत मानत होते आणि मला वाटतं मनापासून मानत होते. मी बारावी झाल्यावर “पोरीला हातात कला पाहिजे” असं म्हणून मला पुण्याला धाडलं तेही त्यांनीच. टायपिंगच्या क्लासची फी त्यांनी भरली. म्हणजे हे पत्र ज्या बोटांनी बडवतेय, ती त्यांच्या पैशानं तयार झाली आहेत.

आत्या सातआठ वर्षांनी गेली. गावात अजून सांगतात की चिंचेखाली ती दिसते, तिन्हीसांजेला, डोक्यावरून पदर घेऊन. रात्री त्या वाटेनं कुणी जात नाही. काका चौऱ्याऐंशीव्या वर्षी नातवंडांच्या गराड्यात, तोंडात गंगाजळ घेऊन गेले. ते दिसतात असं मात्र कुणी म्हणत नाही.

मुलगा सगळं ऐकून काही बोलला नाही. पाऊस थांबल्यावर गेला. मला वाटलं, आता हा दुसरीकडे टायपिंग करून घेईल. दीड महिन्यानं दुसरा ड्राफ्ट घेऊन आला, तो अर्धाच होता. गेल्या आठवड्यात तिसरा आणला. वही नवी, चष्मा तोच. अप्पासाहेब चौथ्या पानावर येतात ते म्हाताऱ्या आईची नखं काढताना. आधी कोमट पाण्यात तिचे पाय भिजवतात. तेवीस पानांपर्यंत ते कुणाचंही काही वाईट करत नाहीत, आणि टाइप करताना मला तो माणूस आवडायला लागला होता, याचा मला राग आला. ती विहीरवाली सून आता पांढऱ्या साडीत नाही. तिला नाव आहे, आणि भाकरी थापताना ती हिशेब पुटपुटते. मित्र पाचांचे तीन झालेत. एकाच्या आईचा चार वेळा फोन येतो आणि चौथ्यांदा तो उचलत नाही. मांत्रिक आहे, पण त्याच्या आधी एक पान अप्पासाहेब त्याच्याशी दक्षिणेची घासाघीस करतात. फाइंड करून बघितलं. ‘हडळ’ एकदाच सापडला, तोही अप्पासाहेबांच्या तोंडी. ‘अप्पासाहेब’ दोनशे सहा.

सिनेमा होईल की नाही कुणास ठाऊक. मुलगा म्हणतो, निर्माता विचारतोय की भूत कुठाय.

अडकित्ता बत्तिसाव्या पानावर आहे. मी त्याला वापर म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. त्या पानावर हात थांबले. उठून शटर पुरतं वर केलं, पंखा लावला, तरी मिरचीचा वास जाईना. उघड्या शटरमधून पाऊस आत आला आणि कुणाचातरी अर्थशास्त्राचा थीसिस भिजला, तो पुन्हा प्रिंट करून द्यावा लागला. बत्तिसाव्या पानापासून पुढचं काम दुसऱ्या दिवशी केलं. मुलाकडून पैसे मात्र पूर्ण घेतले.

आपली,
एक टंकलेखिका, नारायण पेठ, पुणे
(काकांच्या मुली हे वृत्तपत्र वाचतात, तेव्हा माझं नाव छापू नये ही विनंती.)